एसडी-वॅनवर शाखा हलवताना: कामांचा क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

शाखेत एसडी-वॅनचा नवा बॉक्स लागतो, डॅशबोर्डवर हिरवा दिवा येतो, बसवायला आलेला माणूस सही घेऊन निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. मेल येतो, पण त्याला जोडलेली फाइल उघडत नाही. कॉलवर आवाज तुटतो. हजेरीचं मशीन मुख्य कार्यालयाला डेटाच पाठवत नाही. सगळे बॉक्सला दोष देतात, आणि बहुतेक वेळा चूक बॉक्सची नसते. जे आधी करायचं होतं ते नंतर केलेलं असतं, किंवा राहूनच गेलेलं असतं.

दहा-वीसपासून शंभरेक शाखा आज एमपीएलएसवर (टेलिकॉम कंपनीच्या खाजगी जाळ्यावर) आहेत आणि आता त्या एसडी-वॅनवर (वेगवेगळ्या लाइनी सॉफ्टवेअरने एकत्र सांभाळणाऱ्या जाळ्यावर) न्यायच्या आहेत, अशा टीमसाठी हा लेख आहे. दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील. अंडरले म्हणजे खालची प्रत्यक्ष लाइन: फायबर, ब्रॉडबँड, एमपीएलएस, ४जी किंवा ५जी. ओव्हरले म्हणजे त्या लाइनींवरून बॉक्स आपसात बांधतात ते एन्क्रिप्टेड टनेल. ओव्हरले कितीही हुशार असला तरी खालची लाइन खराब असेल तर तो फार काही करू शकत नाही. म्हणून कामाची सुरुवात खालून करायची.

## १. जुना राउटर काय काय करतो ते लिहून काढा

या टप्प्याला सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि बदलाच्या दिवशीचा बराचसा गोंधळ इथूनच येतो. शाखेतला जुना राउटर फक्त रूटिंग करतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं कोणी ना कोणी त्याच्यावर एकेक काम लादलेलं असतं: डीएचसीपी (उपकरणांना आयपी वाटणं) तोच देतो, फोनना वेळ तोच सांगतो, एखादा स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट एकाच व्हेंडरच्या सर्व्हरसाठी आहे, एखादा नॅटचा (आयपी बदलून पुढे पाठवण्याचा) नियम कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी आहे.

जुन्या राउटरचं पूर्ण कॉन्फिग काढा, छापा, आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे काम उद्यापासून कोण करणार? नवा बॉक्स, स्विच, सर्व्हर, की आता कोणालाच गरज नाही? ज्या ओळीपुढे उत्तर नाही, त्या ओळीवरून बदलाच्या दिवशी फोन येणार हे नक्की समजा.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी हव्यात.

आयपी रेंज. १९२.१६८.१.० ची रेंज दोन-तीन शाखांत निघतेच. एमपीएलएसवर नॅट लावून हे झाकलेलं असतं. ओव्हरलेवर सगळ्या शाखा एकमेकींना दिसू लागल्या की उघडं पडतं. रेंज आधीच बदला. नव्या बॉक्सवर पुन्हा नॅट लावून वेळ मारून नेऊ नका.

ठरावीक आयपी दिलेली उपकरणं. प्रिंटर, हजेरीचं मशीन, कार्ड स्वाइप मशीन, अलार्मचं पॅनेल. यांना गेटवेसुद्धा हाताने दिलेला असतो.

बाहेरच्यांच्या परवानगी-याद्या. बँक, भागीदार कंपनी किंवा एखादं पोर्टल तुमच्या मुख्य कार्यालयाच्या पब्लिक आयपीलाच आत घेत असेल, तर शाखेचा इंटरनेट ट्रॅफिक शाखेतूनच बाहेर सोडल्याबरोबर ते दार बंद होतं. अशा प्रत्येक सेवेचं नाव लिहा. नवे आयपी कळवा, किंवा तेवढा ट्रॅफिक मुख्य कार्यालयातूनच जाऊ द्या.

*तपासणी:* ही यादी शाखेतल्या एखाद्या जुन्या माणसाला दाखवा. "महिन्यातून एकदाच लागतं" असं एखादं काम तो हमखास सांगेल.

## २. लाइनी: मागवा, मोजा, वाट बघा

सगळ्यात जास्त वेळ लाइन यायला लागतो, म्हणून बॉक्सच्या आधी लाइन मागवा. बॉक्सच्या लायसन्सची मुदत अनेकदा खरेदीपासूनच मोजली जाते. सहा महिने खोक्यात पडून राहिलेल्या बॉक्सचे तेवढे महिने वाया जातात.

दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या म्हणजे दोन रस्ते झाले असं समजू नका. माझ्या कामात एका शाखेत दोन वेगळ्या पुरवठादारांच्या फायबर लाइनी होत्या. रस्त्याचं खोदकाम झालं आणि दोन्ही एकाच मिनिटाला गेल्या, कारण इमारतीत शिरताना दोन्ही एकाच डक्टमधून येत होत्या. तेव्हापासून मी स्वतः गेटपर्यंत चालत जाऊन केबल कुठून येते ते बघतो. वेगळा डक्ट शक्य नसेल तर दुसरी लाइन वायरलेस घ्या. आणि दोन्ही लाइनींचे मोडेम किंवा ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा) यूपीएसवर आहेत का ते बघा; बॉक्स यूपीएसवर आणि ओएनटी साध्या भिंतीच्या प्लगवर, हे दृश्य मी फार वेळा पाहिलं आहे.

लाइन आली की निदान सात दिवस मोजा, कामाच्या वेळेसह. एकदा केलेली स्पीड टेस्ट पुरेशी नाही. मोजायच्या गोष्टी: लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ), जिटर (त्या वेळेतला चढउतार), पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) आणि अपलोडचा खरा वेग. आवाजासाठी ढोबळ मर्यादा अशा धरा: एका दिशेची लेटन्सी १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत, लॉस १ टक्क्याच्या आत. दुपारी बाराला लॉस ३ टक्क्यांवर जात असेल तर ती लाइन एमपीएलएसची जागा घेऊ शकत नाही. पुरवठादाराशी हा वाद आत्ताच घाला. बिल सुरू झाल्यावर ऐकून घेणारं कोणी भेटत नाही.

लाइनवाल्याकडून लेखी घ्यायची माहिती: पीपीपीओई (लॉगिन करून जोडली जाणारी लाइन) असेल तर यूझरनेम-पासवर्ड, व्हीलॅन टॅग (लाइनवर वापरायचा जाळ्याचा क्रमांक), पब्लिक आयपी ठरावीक आहे की बदलता, आणि लाइन एखाद्या उपकरणाच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधली आहे का. मॅकला बांधलेली लाइन नव्या बॉक्सवर मुळीच उठत नाही, आणि हे कळायला रात्रीचे दोन तास जातात.

सावध: मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही कॅरियर-ग्रेड नॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. हबकडे (डेटा सेंटरमधल्या मध्यवर्ती बॉक्सकडे) टनेल बहुधा बांधला जाईल, पण अशाच दोन शाखांमधला थेट टनेल अनेकदा बांधला जात नाही. आराखड्यात हे धरून चला.

## ३. आराखडा: कमीत कमी ठेवा

"सगळ्यांना सगळ्यांशी जोडा" हा पर्याय मेनूत असतो म्हणून निवडला जातो. ५० शाखा असतील तर जोड्या होतात १,२२५. प्रत्येकीकडे दोन लाइनी आणि प्रत्येक लाइन समोरच्या दोन्ही लाइनींशी जोडली, तर टनेल होतात ४,९००. म्हणजे एकेका बॉक्सवर १९६. प्रत्येक टनेल सतत तपासणीची पॅकेट पाठवत राहतो. ४जी लाइनवर निव्वळ या पॅकेटांनी डेटा संपू शकतो. शाखा-शाखांमध्ये खरंच बोलणं होत असेल तरच थेट टनेल द्या. नाहीतर हब पुरे.

बॉक्सची क्षमता निवडताना माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा बघू नका. एन्क्रिप्शन, अ‍ॅप ओळखणं आणि फायरवॉल हे तिन्ही एकत्र चालू असताना किती वेग मिळतो, तोच आकडा विचारा आणि लेखी घ्या.

ट्रॅफिकचे वर्ग चारच्या वर नेऊ नका: आवाज-व्हिडिओ, धंद्याची अ‍ॅप्लिकेशन्स, सर्वसाधारण, आणि बॅकअप-अपडेटसारखा मागे ठेवायचा ट्रॅफिक. पाहुण्यांचं वाय-फाय आणि कार्ड मशीन वेगळ्या सेगमेंटमध्ये. इंटरनेट शाखेतूनच सोडायचं असेल तर तिथे फायरवॉल आणि फिल्टरिंग कोण करणार, हे आधी ठरवा. ते ठरेपर्यंत दार उघडू नका.

## ४. कंट्रोलर आणि हब आधी, शाखा नंतर

पहिली शाखा हलवली की ती नव्या जाळ्यात आणि बाकी सगळ्या जुन्या जाळ्यात असतात. त्यांना बोलायचं असेल तर मध्ये कोणीतरी दोन्ही भाषा जाणणारा हवा. तो म्हणजे हब. म्हणून डेटा सेंटरमधले हबचे बॉक्स एमपीएलएस आणि ओव्हरले दोन्हींना जोडूनच शाखांना हात लावायचा.

क्रम असा:

१. कंट्रोलर (सगळे बॉक्स एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) उभा करा, सर्टिफिकेट लावा, आणि सगळ्या बॉक्सना एनटीपीवरून वेळ मिळते आहे ना ते बघा. बॉक्सचं घड्याळ चुकलं की सर्टिफिकेट मान्य होत नाही, आणि लॉगमध्ये वेळेचा उल्लेखही नसतो. दिसतं फक्त "जोडणी नाकारली".

२. वाटेतल्या फायरवॉलमधून यूडीपी ५०० आणि ४५००, टीसीपी ४४३, आणि तुमच्या उत्पादनाला लागणारी वेगळी पोर्ट उघडून घ्या.

३. हबला जुन्या राउटरशी बीजीपी किंवा ओएसपीएफवर (राउटर एकमेकांना रूट कळवतात ते प्रोटोकॉल) बोलू द्या. दोन्ही बाजूंचे रूट एकमेकांकडे देताना प्रत्येक रूटला टॅग लावा, आणि ज्या बाजूने तो आला त्याच बाजूला परत जाणार नाही असा फिल्टर ठेवा.

तिसऱ्या पायरीवर थोडं थांबू. दोन हब असतील आणि टॅग नसतील तर असं घडतं: एका जुन्या शाखेचा रूट एमपीएलएसवरून पहिल्या हबला कळतो. तो हे ओव्हरलेवर सांगतो. दुसरा हब ते ऐकतो आणि पुन्हा एमपीएलएसला सांगतो, "ही शाखा माझ्याकडे आहे." आता एमपीएलएसला त्या शाखेचे दोन रस्ते दिसतात. ज्या दिवशी खरा रस्ता क्षणभर पडतो, त्या दिवशी पॅकेट दोन हबांमध्ये गोल फिरत बसतात. पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत चालतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

*तपासणी:* टेबलावर एक नकली शाखा उभी करा. तिथून एका जुन्या शाखेपर्यंत ट्रेस काढा, आणि उलट दिशेनेही काढा. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा निघाला आणि मध्ये फायरवॉल असेल, तर ती फायरवॉल निम्मंच संभाषण बघून सेशन तोडेल. हे इथेच सोडवा.

## ५. बदलाची रात्र

प्रयोगासाठी शाखा निवडताना चार माणसांची शाखा घेऊ नका. तिथे काहीच बिघडणार नाही आणि काहीच कळणार नाही. सगळ्यात मोठीही नको. जिथे फोन, बिलिंग, प्रिंटिंग सगळं चालतं आणि जिथला माणूस नीट बोलून सांगतो, अशी मधली शाखा घ्या.

फर्मवेअर आणि टेम्पलेट आधीच, ऑफिसातच चढवा. बॉक्स शाखेत पोचून, तिथल्या हळू लाइनवर फर्मवेअर उतरवत बसला की ठरलेल्या वेळेतला पहिला तास संपलाच.

आणि एक वेळ लिहून ठेवा: "पहाटे ३ पर्यंत जमलं नाही तर परत फिरायचं." ही वेळ थकव्याच्या भरात ठरवायची गोष्ट नाही.

१. रॅकचा फोटो काढा, प्रत्येक केबलला लेबल लावा.
२. नवा बॉक्स दोन्ही इंटरनेट लाइनींवर जोडा. लॅनची केबल अजून जुन्या राउटरमध्येच.
३. दोन्ही लाइनींवरून हबकडे टनेल उठले, दहा मिनिटं स्थिर राहिले, हे बघा.
४. टनेलचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) मोजा. कसा, ते पुढे सांगतो.
५. आता लॅनची केबल हलवा. जुना राउटर चालूच ठेवा, कॉन्फिगला हात लावू नका. परत फिरायचं झालं तर एक केबल मागे लावली की झालं पाहिजे. त्यासाठी केबलबरोबर त्या शाखेचा रूटही आपोआप हलतो ना, हे आधी तपासलेलं हवं.
६. स्विचचं एआरपी टेबल (कोणत्या आयपीला कोणता मॅक, ती यादी) साफ करा. नव्या बॉक्सला जुन्याच गेटवेचा आयपी दिला असेल तर मॅक बदललेला असतो. संगणक काही मिनिटांत सावरतात. कॅमेरे आणि हजेरीची मशीन तासन्‌तास जुन्या मॅकलाच हाक मारत राहतात. त्यांना बंद करून चालू करा.
७. पहिल्या टप्प्यातली यादी घ्या आणि एकेक काम प्रत्यक्ष करून बघा. पिंग लागणं हा पुरावा धरू नका. बिल छापा, कॉल लावा, हजेरीचं बोट ठेवा.

### एमटीयू: मेल येतो, फाइल उघडत नाही

साध्या इथरनेटवर पॅकेट १,५०० बाइटचं असतं, पीपीपीओईवर १,४९२ चं. टनेल स्वतःची हेडर वर चढवतो, म्हणजे आतल्या पॅकेटला जागा कमी उरते. मोठं पॅकेट आलं, त्यावर "तुकडे करू नका" अशी खूण असली, की बॉक्स ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला "छोटं पाठव" असा निरोप देतो. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने आयसीएमपी (असे निरोप नेणारा प्रोटोकॉल) अडवलं असेल तर तो निरोप पोचतच नाही. छोटी पॅकेट जातात, म्हणून लॉगिन होतं. मोठी हरवतात, म्हणून फाइल अडकते.

मोजणं सोपं आहे. शाखेच्या लॅपटॉपवरून, तुकडे न करण्याची खूण लावून, हबच्या मागच्या सर्व्हरला १,४७२ बाइटचा पिंग मारा. तो जाणार नाही. १,४००, मग १,३५०, असं खाली या, जातो तिथून थोडं वर चढा. समजा १,३८२ जातो आणि १,३८३ जात नाही. त्यात २८ बाइट हेडरचे मिळवा: १,४१०. हा तुमचा खरा एमटीयू. त्यातून ४० वजा करा: १,३७०. टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) बॉक्सवर या आकड्याला किंवा थोडा खाली बांधा. प्रत्येक प्रकारच्या लाइनवर वेगळं मोजा आणि सगळ्यात लहान आकडा सगळीकडे वापरा. पाच मिनिटांचं काम आहे. "नवीन नेटवर्क हळू आहे" अशा किती तरी तक्रारी मी या एका मोजणीने मिटलेल्या बघितल्या आहेत.

## ६. पॉलिसी लावा, पण हळूहळू

पहिल्या दिवशी सगळ्या पॉलिसी एकदम चालू केल्या तर बिघाड कशामुळे झाला ते सापडत नाही. आधी आवाज, मग धंद्याची अ‍ॅप्लिकेशन्स, मग उरलेलं.

अपलोडचा शेपर (वेगाला मर्यादा घालणारी सोय) मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्क्यांवर बांधा. कागदावर ५० एमबीपीएस लिहिलेलं असतं आणि खरे ३८ मिळतात. ५० वर शेपर ठेवला तर रांग तुमच्या बॉक्समध्ये न लागता मोडेममध्ये लागते, आणि मोडेमला कॉल आणि बॅकअप यातला फरक कळत नाही. जी.७११ या आवाजाच्या कोडेकवरच्या एका कॉलला आयपी हेडर धरून प्रत्येक दिशेला ८० केबीपीएस लागतात, टनेलचं ओझं धरून १०० च्या आसपास. एकाच वेळी किती कॉल होतात त्याने गुणा आणि तेवढी जागा राखून ठेवा. फोन डीएससीपी ४६ ची (आवाजाला प्राधान्य मागणारी) खूण लावतात का आणि मधला स्विच ती पुसत नाही ना, हेही बघा.

लाइन बदलण्याच्या मर्यादा फार घट्ट ठेवू नका. नेहमी ४० मिलिसेकंद असणाऱ्या लाइनवर ४५ ची मर्यादा लावली तर ट्रॅफिक दिवसभर दोन लाइनींमध्ये उड्या मारत राहील. दुसऱ्या टप्प्यातल्या सात दिवसांच्या मोजणीवरून मर्यादा ठरवा, आणि परत येण्याआधी लाइन काही मिनिटं नीट राहिली पाहिजे अशी अट घाला.

सावध: इंटरनेट शाखेतून सोडलं पण डीएनएस मुख्य कार्यालयाचाच ठेवला, तर क्लाउड सेवा मुख्य कार्यालयाजवळच्या सर्व्हरचा पत्ता देते. शाखेचा ट्रॅफिक थेट बाहेर पडूनही लांबच्या गावाला जातो. बाहेरच्या नावांसाठी डीएनएसही शाखेतूनच सोडा.

## ७. लाइन मुद्दाम पाडून बघा

बॉक्समधली केबल उपटणं ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि तिच्यात सगळे पास होतात. खरी लाइन अशी मरत नाही. ओएनटीचा दिवा चालू असतो, पुढे कुठेतरी तुटलेलं असतं. म्हणून ओएनटीच्या पलीकडची फायबर काढा. मग लाइन अर्धमेली करून बघा: मध्ये एक लिनक्स मशीन ब्रिज म्हणून बसवा, नेटेम या टूलने ५ टक्के लॉस आणि १०० मिलिसेकंद उशीर घाला, आणि चालू कॉलवर आवाज ऐका. कोणीतरी प्रत्यक्ष कॉलवर बोलत असलं पाहिजे; आलेख बघून आवाज कळत नाही.

इथे एक गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही. टनेलमधून जाणारं सेशन लाइन बदलली तरी टिकतं, कारण आतले आयपी तेच राहतात. शाखेतून थेट इंटरनेटवर गेलेलं सेशन टिकत नाही. लाइन बदलली की पब्लिक आयपी बदलतो आणि समोरचा सर्व्हर ओळख विसरतो. व्हिडिओ मीटिंग तुटून पुन्हा जोडली जाते, पोर्टल पुन्हा लॉगिन मागतं. हा दोष नाही, रचनाच अशी आहे. जे अजिबात तुटता कामा नये ते टनेलमधून हबकडे न्या, आणि बाकीचं तुटेल हे वापरणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

आणखी तीन चाचण्या: लाइन परत आल्यावर ट्रॅफिक परत येतो का, ४जीवर गेल्यावर बॅकअप आणि अपडेट खरंच थांबतात का, आणि कंट्रोलर दिसत नसताना बॉक्स काम करत राहतो का. शेवटची चाचणी करताना बॉक्स एकदा बंद करून चालू करा. चालू असताना निभावणारा बॉक्स, कंट्रोलरशिवाय पुन्हा उठल्यावर टनेल बांधेलच असं नाही.

## ८. उरलेल्या शाखा, आणि एमपीएलएस कधी तोडायचं

प्रयोगाची शाखा एक महिनाअखेर पार करेपर्यंत पुढची शाखा घेऊ नका. त्यानंतर गट करा: आधी दोन, मग पाच, मग दहा. प्रत्येक गटात निघालेली चूक टेम्पलेटमध्ये दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा गट नाही. एकेका शाखेवर हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या टेम्पलेट बदलात पुसली जाते.

एमपीएलएसच्या करारातली नोटिशीची मुदत आधी वाचा, पण नोटीस देण्याच्या घाईत चाचणी उरकू नका. तोडण्याआधी जुन्या राउटरचा एमपीएलएस इंटरफेस फक्त शटडाउन करा आणि एक पूर्ण महिनाचक्र तसंच राहू द्या. त्याआधी इंटरफेसचे काउंटर बघा: सगळं हलवलं असं वाटत असताना त्यावर अजून कोण बोलतंय? हमखास काहीतरी सापडतं: जुना मॉनिटरिंग सर्व्हर, फोन गेटवे, कोणीतरी हाताने टाकलेला रूट. ते हलवा, काउंटर पुन्हा बघा, मग शटडाउन.

महिना शांत गेला की लेखी नोटीस द्या, हबवरचे त्या शाखेचे स्टॅटिक रूट आणि मॉनिटरिंगमधली जुनी नावं काढा, जुन्या राउटरचं कॉन्फिग जपून ठेवा आणि मगच तो रॅकमधून उतरवा.